पसंतीक्रम लेकीचा, मग लिहायचा कुणी?

ताईंनो, मावश्यांनो, आणि भाकरी थापता थापता रेडिओचा आवाज थोडा वाढवणाऱ्या सगळ्या मायमाउल्यांनो. आज आम्ही बचतीच्या हप्त्याबद्दल बोलणार नाही, बँकेच्या कर्जाबद्दलही नाही. आज एका फॉर्मबद्दल बोलायचं आहे. त्या फॉर्मात आमच्या हातून एक चूक झाली होती. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचं तुम्हाला पटेल.

दरवर्षी मे-जून आला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न ठरलेला असतो. वहीवर सह्या झाल्या, पैसे मोजून झाले, की कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, लेक बारावी सायन्स झाली. आता तिला कुठं घालायची?" हा 'घालायची' शब्द आम्हाला आता टोचतो. तीन वर्षांपूर्वी टोचत नव्हता. तेव्हा आम्हीच उत्तर द्यायचो, "जवळ मिळेल तिथं घाला."

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी बारावी झाली. त्या ताईंचं घर म्हणजे उन्हाळाभर पापड-कुरडयांचा कारखाना. मुलगी लहानपणापासून त्या कामात. पापडखार जास्त पडला तर पापडाचा रंग कसा बदलतो, पाकिटात दमट हवा राहिली तर कुरडई किती दिवसांत मऊ पडते, हे तिनं एका वहीत लिहून ठेवलेलं. तिच्या सरांनी सांगितलं, की या सगळ्याचं एक शास्त्र आहे, त्याला अन्नतंत्रज्ञान म्हणतात, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात त्याचं वेगळं महाविद्यालय आहे. झालं, मुलीनं ते मनात धरलं. बारावीला तिनं गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवलं होतं. सीईटी दिली. गुण चांगले पडले.

फॉर्म भरायला आम्ही तिच्यासोबत तालुक्याच्या नेट कॅफेत गेलो. तिची आई त्या दिवशी मजुरीला गेली होती, म्हणून मोठं माणूस म्हणून आम्ही. पसंतीक्रमाचा रकाना आला तशी मुलगी म्हणाली, "पहिलं अन्नतंत्रज्ञान, परभणी." कॅफेवाला दादा म्हणाला, "ते लागायचं नाही. अवघड पहिलं टाकलं तर हातचं पण जाईल. जवळचं ॲग्री टाका वर." आणि आम्ही मान डोलावली.

खरं सांगायचं तर आमच्याही मनात तेच होतं. बीएस्सी ॲग्री आपल्याला माहीत आहे. दरवर्षी गावात कृषिकन्या येतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, माती परीक्षण सांगतात, ग्रामपंचायतीसमोर फोटो काढतात. त्यांना पाहून आपल्याला वाटतं, कृषी विद्यापीठ म्हणजे एवढंच. शिवाय पंचवीस किलोमीटरवर खासगी कृषी महाविद्यालय, एसटी थेट गेटासमोर थांबते. मुलीनं आमच्याकडं पाहिलं. आम्ही म्हणालो, "बाळा, हातचं सोडू नये." पहिल्या नंबरला ते कॉलेज गेलं, आणि अन्नतंत्रज्ञान चौथ्या नंबरला.

पहिल्याच फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं. आम्ही पेढे वाटले. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांत मग आपला विचार होत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. फेऱ्या संपल्यावर सरांनी याद्या पाहिल्या. तिच्याच प्रवर्गातल्या, तिच्यापेक्षा कमी गुणांच्या मुलांना परभणीचं अन्नतंत्रज्ञान मिळालं होतं.

तिच्या आईनं फीसाठी गटातून चाळीस हजार उचलले होते. त्या ताई आजपर्यंत आम्हाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मुलगी शिकते आहे, हुशार आहे, तिचं वाईट झालेलं नाही. शेतीचं शिक्षण काही कमी नाही. पण जे तिनं मागितलं होतं ते तिला मिळण्यासारखं होतं, आणि आम्ही ते चौथ्या नंबरला लिहायला लावलं. दिवाळीला ती घरी आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "काकू, मी पहिलं काय म्हणाले होते ते आठवतं का तुम्हाला?" आठवत होतं. म्हणून तर आम्हाला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर आम्ही गटातल्या चार-पाच जणी बसलो. माहितीपुस्तिका मिळवली, कॉलेजातल्या सरांना विचारलं, आणि ज्या गोष्टी आधी माहीत असायला हव्या होत्या त्या शिकून घेतल्या. त्या आज तुमच्यासमोर ठेवतो.

पहिली गोष्ट. विद्यापीठ म्हणजे आठवडी बाजार. बाजारात भाजीची ओळ वेगळी, कापडाची वेगळी, बी-बियाण्याची वेगळी. बाजाराला जायचं ठरलं म्हणून पिशवीत काय घ्यायचं ते ठरत नाही. तसंच विद्यापीठाचं. आपल्या राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत. राहुरीचं १९६८ सालचं, अकोल्याचं १९६९ सालचं, परभणी आणि दापोलीची १९७२ सालची. त्यांच्यात शेतीची पदवी आहे, तशीच उद्यानविद्येची आहे, म्हणजे फळं, फुलं, भाजीपाला. कृषी अभियांत्रिकी आहे, म्हणजे अवजारं, ठिबक, पाणलोट. अन्नतंत्रज्ञान आहे, जैवतंत्रज्ञान आहे, कृषी व्यवसाय व्यवस्थापन आहे. दापोली आणि अकोल्याला वनशास्त्र आहे. परभणीला सामुदायिक विज्ञान आहे, ज्याला पूर्वी गृहविज्ञान म्हणायचे. दूध आणि मासळी या विषयांसाठी नागपूरचं पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ वेगळं, त्याचं दुग्धतंत्रज्ञानाचं महाविद्यालय उदगीरलाही आहे. या सगळ्या पदव्या चार वर्षांच्या. म्हणजे वर्षं तेवढीच जाणार, पण चार वर्षांनी लेकीच्या हातात येणारं काम पार वेगळं असणार. म्हणून आधी शाखा ठरवा, मग कॉलेज.

त्यातही एक फरक ध्यानात ठेवा. काही महाविद्यालयं विद्यापीठाची स्वतःची असतात, त्यांना घटक महाविद्यालयं म्हणतात. काही खासगी संस्थांची असून विद्यापीठाला जोडलेली असतात, ती संलग्न. पदवीवर नाव विद्यापीठाचंच येतं. पण फी, प्रयोगशाळा, वसतिगृह, शिकवणारी माणसं, यांत फरक पडू शकतो. खासगी म्हणजे वाईटच, असं आम्ही म्हणत नाही. फॉर्ममध्ये दोन्हींची नावं एकाखाली एक येतात, म्हणून नाव वाचून फसू नका. प्रत्येक नावापुढं वहीत लिहा, घटक की संलग्न, फी किती, घरापासून किती लांब.

दुसरी गोष्ट अकरावीतच पाहायची. कृषी अभियांत्रिकीला गणित लागतं. मुलीनं गणित सोडलं असेल तर ती वाट बंद. म्हणून अकरावीला विषय निवडताना दोन मिनिटं थांबा, कोणत्या शाखेला कोणते विषय लागतात ते सरांना विचारा. आणि सीईटीची भीती बाळगू नका. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते, गणिताची मात्र इंग्रजीत असते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळं एकही प्रश्न कोरा सोडून यायचं नाही, हे लेकीला बजावून सांगा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तिच्यातच आम्ही चुकलो. हा पसंतीक्रम चालतो कसा?

समजा, महिला दिनाला गावात साड्या वाटायच्या आहेत. कुणाचा नंबर कितवा हे आधीच ठरलेलं आहे. प्रत्येकीच्या हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर रंग लिहिलेले. पहिला मोरपंखी, दुसरा डाळिंबी, तिसरा हिरवा. तुमचा नंबर आला की वाटणारी चिठ्ठी वाचते. मोरपंखी शिल्लक आहे का? असेल तर ती तुमची. नसेल तर डाळिंबी बघते. तीही संपली असेल तर हिरवी. आता सांगा, तुम्ही मोरपंखी पहिली लिहिली म्हणून रांगेतला तुमचा नंबर मागं गेला का? नाही गेला. रांग गुणांची आहे. ती चिठ्ठीनं हलत नाही.

पण मनात मोरपंखी असताना 'मिळायची नाही' म्हणून तुम्ही हिरवी पहिली लिहिली, तर वाटणारी तुम्हाला हिरवीच देणार. मोरपंखी पुढ्यात पडलेली असली तरी ती देणार नाही, कारण चिठ्ठीवर हिरवी वर आहे. आमच्या मुलीचं नेमकं हेच झालं. कॅफेवाल्या दादाला हे माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. 'अवघड पहिलं टाकलं तर हातचं जाईल' हे खोटं आहे. ज्याची आस सगळ्यांत जास्त, तेच वर लिहायचं. आवडतं ते आधी, त्याहून कमी आवडतं ते नंतर, असं उतरत यायचं.

याला दोन पुरवण्या आहेत. एक, चिठ्ठीवर एकच रंग लिहून बसू नका. मोरपंखी संपली आणि चिठ्ठीवर दुसरं काहीच नसेल तर रिकाम्या हातानं परत यावं लागेल. वर स्वप्नातलं, मध्ये मिळण्याजोगं, खाली हमखास मिळेल असं, भरपूर पर्याय लिहा. मागच्या वर्षीच्या याद्या पाहिल्या की कोणती जागा किती गुणांवर भरली याचा अंदाज येतो. दोन, जी साडी नेसायचीच नाही तिचं नाव लिहू नका. जिथं लेक जाणारच नाही, किंवा तुम्ही पाठवणारच नाही, ते कॉलेज यादीत नको. लागलं तर पंचाईत होते.

आता दुसऱ्या मुलीचं सांगतो. पुढच्या वर्षीची, म्हणजे २०२४ सालची गोष्ट. हिची आई अंगणवाडी सेविका. ही पोर सातवी-आठवीपासून आईसोबत बाळांची वजनं करायची, वाढीच्या तक्त्यावर ठिपके मांडायची. हिरव्या पट्ट्यातलं बाळ पिवळ्यात का घसरलं, हे शोधायला ती त्या बाळाच्या घरी जायची, आज काय शिजलंय म्हणून विचारायची. तिला सामुदायिक विज्ञान हवं होतं. कारण त्यात अन्न आणि पोषण आहे, मुलांची वाढ आहे, गावात जाऊन लोकांना शिकवायची पद्धत आहे.

गुण तिचे चांगले होते. इतके, की शेतीच्या पदवीला घटक महाविद्यालयात नंबर लागला असता. चुलते म्हणाले, "घरकाम शिकायला चार वर्षं आणि वसतिगृह? एवढ्या गुणांचं ॲग्री सोडून?" घरात दोन दिवस हाच विषय. आईचीही चलबिचल झाली. शेवटी त्या आमच्याकडं आल्या, म्हणाल्या, "ताई, तुम्हीच सांगा."

आम्हाला मागचं वर्ष आठवलं. म्हणून या वेळी आम्ही काहीच सांगितलं नाही. मुलीला कोरा कागद दिला आणि म्हणालो, "तू एकटी आत बस आणि तुझी यादी लिही. तोवर आम्ही कुणी बोलणार नाही." अर्ध्या तासानं ती बाहेर आली. यादीत चौदा नावं होती. पहिलं सामुदायिक विज्ञान. दुसरं अन्नतंत्रज्ञान. शेती पाचव्या नंबरपासून.

मग आम्ही चुलत्यांना घेऊन बसलो. अभ्यासक्रम वाचून दाखवला. नोकरीची विचारणा त्यांनी केली, ती बरोबरच होती. आम्ही हमी दिली नाही. एवढंच दाखवलं, की आहारतज्ज्ञ व्हायचं तर पुढं शिकायची वाट इथून जाते, आणि अंगणवाडीवरच्या पर्यवेक्षिकेच्या भरतीत गृहविज्ञान, पोषण, बालविकास या विषयांच्या पदवीला स्थान आहे. तिच्या आईच्या डोक्यावर जी मॅडम तपासणीला येते, तिची खुर्ची. हे ऐकून चुलते गप्प बसले. पटले असं नाही म्हणणार, पण गप्प बसले.

फॉर्म पक्का करायच्या आधी आईनं तिला एकदा विचारलं, "बाळा, हे लागलं तर ॲग्री परत येणार नाही. नक्की ना?" मुलगी "हो" म्हणाली, आणि बटण तिनंच दाबलं. पहिल्या फेरीत पहिलं नाव लागलं. आज ती परभणीला दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सुट्टीत तिनं आईच्या अंगणवाडीत बायांना जमवून ज्वारीच्या लाह्या, शेंगदाणे आणि गूळ यांचे लाडू करून दाखवले, आणि दोन वर्षांच्या लेकराला एका वेळी किती द्यायचा हेही सांगितलं. चुलते अजून अधूनमधून कुरकुरतात. पण त्या दिवशी लाडू खायला आले होते.

आता कागदांचं. बायांनो, पेन आणि वही घ्या.

बारावी सुरू झाली की लगेच कामाला लागायचं, निकालाची वाट बघायची नाही. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, त्याचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजामार्फत करा. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा. लागू असेल तर नॉन-क्रीमिलेअर. रहिवासाचा दाखला, म्हणजे डोमिसाइल. शाळा सोडल्याचा दाखला. नावाचं स्पेलिंग आधारवर, गुणपत्रिकेवर आणि बँकेच्या पुस्तकावर सारखं आहे का, ते एका ओळीत ठेवून बघा. एका अक्षरासाठी पोरींना दोन-दोन खेटे घालावे लागलेले आम्ही पाहिलेत.

कृषी शाखांसाठी शेतकरी कुटुंबातल्या मुलांना ७/१२ उताऱ्यावरून गुणांची भर मिळण्याची पद्धत आहे. उतारा कुणाच्या नावचा चालतो, कोणत्या तारखेपर्यंतचा हवा, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, ते पान वाचून घ्या. आणि तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की तिच्यात आपलं नाव, प्रवर्ग आणि ही भर आली आहे का ते तपासा. हरकत घ्यायला दिवस दिलेले असतात. अंतिम यादी लागल्यावर रडून उपयोग नाही.

फीचं ऐका. ८ जुलै २०२४ रोजी राज्य शासनानं निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग, यांतल्या ज्या मुलींच्या घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. कृषीचे अभ्यासक्रमही त्यात येतात. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत. पण यात एक अट आहे, ती नीट ऐका. प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून, व्यवस्थापनाच्या जागेवर प्रवेश घेतला तर ही माफी नाही. "फेरीची कशाला वाट बघता, आजच जागा देतो" असं कुणी म्हणालं, तर सही करायच्या आधी ही अट आठवा. माफीसाठी महाडीबीटीवर दरवर्षी अर्ज करावा लागतो, आणि लेकीचं बँक खातं आधारला जोडलेलं लागतं. वसतिगृह आणि जेवणाचा खर्च मात्र आपला. त्यासाठी गटातून कर्ज घ्यायचं असेल तर आधी बेरीज मांडा, मग ठराव करा.

शेवटचं, मोबाइलचं. फॉर्ममध्ये नंबर आपल्या घरातला द्यायचा, कॅफेवाल्याचा नाही. ओटीपी त्याच नंबरवर येतो. पासवर्ड लेकीच्या वहीत लिहिलेला हवा. पसंतीक्रम नुसता सेव्ह करून उठू नका, तो पक्का करावा लागतो. पक्का केल्यावर छापील प्रत घ्या आणि घरी आणून पुन्हा वाचा.

आमच्या ग्रामसंघानं आता एक ठराव केला आहे. दरवर्षी पसंतीक्रमाच्या आधी बारावीच्या मुली आणि त्यांच्या आया यांची एक बैठक घ्यायची. तिचा नियम एकच. मुलीनं आपली यादी आपल्या हातानं आधी लिहायची. ती लिहून होईपर्यंत आई, मावशी, काका, कॅफेवाला दादा, आणि आम्ही समन्वयक, कुणीच बोलायचं नाही. त्यानंतर खर्च, अंतर, एसटी, वसतिगृह, सगळं बोलू. भांडूसुद्धा. पण कागद तिचा.

मागच्या वर्षी त्या बैठकीला ती पहिली मुलगी आली होती. सुट्टीवर होती. साड्यांचं उदाहरण आम्ही सांगायला लागलो, तर ती उठली आणि म्हणाली, "काकू, हे मी सांगते." आणि तिनं ते आमच्यापेक्षा चांगलं सांगितलं.

ताईंनो, तुमच्या घरात, शेजारी, वाडीवर कुणाची लेक बारावीला असेल, तर आजच तिच्या हातात एक कोरा कागद द्या. आणि तिचं लिहून होईपर्यंत चुलीकडं बघत बसा.